ऐन चालीला जाहिरात

आमच्या शेजारच्या काकू टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्या, पण लाइन नेमकी कुठं तुटली ते शोधून काढायची खोड काही सुटली नाही. पूर्वी गल्लीतला फोन बंद पडला की खांबापर्यंत चालत जायच्या. आता कुणाचा व्हिडिओ अडकला की त्यांना राहवत नाही. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीला लागून त्यांचं गोडलिंबाचं झाड, आणि त्याच्या निम्म्या फांद्या माझ्याकडे. त्यामुळे फोडणी घालायच्या आधी रोज एकदा गाठ पडतेच.

दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २९ जुलै २०२५ ला, काकू माझ्याआधीच भिंतीशी उभ्या होत्या.

"पाहिलीस का गं काल? आपल्या नागपूरची पोट्टी! वर्ल्डकप तर जिंकलीच, वर ग्रँडमास्टरही झाली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी."

"पाहिली कसली काकू! आधीचे दोन डाव बरोबरीत, काल पहिला रॅपिडही बरोबरीत. तोवर सगळं नीट दिसत होतं. दुसऱ्या रॅपिडमध्ये ऐन रंगात आलं आणि स्क्रीनवर एकदम गाडीची जाहिरात. अर्धा मिनिट! परत चित्र आलं तर पटावरचं सगळं बदललेलं. कोणी काय मारलं, पत्ता नाही."

"कशावर पाहून राहिली होतीस?"

"लॅपटॉपवर. क्रोममध्ये."

"साइट कोणती?"

मी नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. सगळे एकाच माळेचे मणी, एकाच्याच नावानं खडे कशाला फोडा. काकूंनी नुसतं "हं" केलं. फॉल्ट कळला की खात्यातही असंच "हं" करायच्या म्हणे.

"पण तुझ्याकडे ते जाहिराती अडवायचं होतं ना? तुझ्या भाच्यानं दिवाळीत टाकून दिलं होतं. लाल ढालीचं."

"होतं. हल्ली दिसत नाही."

"दिसणार कसं? क्रोमनंच बंद केलं ते. तुला कोणी सांगितलंच नाही?"

म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाच नव्हतं. काकूंनी हातातल्या डहाळ्या भिंतीवर ठेवल्या. आता भाजीला उशीर होणार हे मी ओळखलं.

"त्या ढालीचं नाव यूब्लॉक ओरिजिन. ते 'ओरिजिन' काहून लागलं, ठाऊक आहे? फार मजेशीर भानगड आहे. रेमंड हिल नावाचा कॅनडाचा गृहस्थ. २०१४ मध्ये त्यानं यूब्लॉक तयार केलं, फुकट वाटलं. लोकांच्या तक्रारी एवढ्या यायला लागल्या की वैतागून पुढच्या वर्षी सगळं दुसऱ्याच्या हाती सोपवलं. तर त्या नव्यानं देणग्या मागायला सुरुवात केली! हिल पडला एकमार्गी. त्यानं आपलं पुन्हा वेगळं सुरू केलं आणि नावापुढं ओरिजिन लावलं. आजपर्यंत कोणाकडून एक पैसा घेत नाही. द्यायला गेलात तरी नाही."

"आणि ते जुनं?"

"ते पुढं दुसऱ्या कंपनीकडे गेलं. आता त्या नावाचं टाकलं तर काही जाहिराती मुद्दाम सोडतं. म्हणून टाकताना ओरिजिन शब्द पाहायचा आणि खाली हिलचं नाव पाहायचं. अर्धं गाव फसतं तिथं."

यावर मी म्हटलं की जाहिराती अडवणाराच जाहिराती सोडतो म्हणजे कमालच. काकूंना अशाच वाक्याची वाट असते.

"अगं, धंदाच आहे तो! ॲडब्लॉक प्लसनं २०११ पासून 'चालण्यासारख्या जाहिराती' अशी यादी काढली. साध्या, न नाचणाऱ्या जाहिराती असतील तर आत सोडायच्या. लहानांना फुकट, पण मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी पैसे मोजायचे. म्हणजे तू बसवलेलं अडवण्यासाठी, आणि त्याची कमाई सोडण्यावर. घे!"

क्रोमचं प्रकरण मात्र त्यांनी जरा सावकाश सांगितलं. पूर्वी एक्स्टेंशनला ब्राउझरमधून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी दिसायची. ही जाऊ दे, ही नको, असं ते जागच्या जागी ठरवायचं. गूगलनं २०१८ मध्ये नवा नियम जाहीर केला, मॅनिफेस्ट व्ही-थ्री. त्यात एक्स्टेंशननं काय अडवायचं त्याची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची आणि बाजूला व्हायचं. पुढचं ब्राउझर पाहणार. जून २०२४ पासून क्रोमनं जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली, आणि त्यात लाल ढाल गेली. हिलनं नव्या नियमात बसणारं 'लाइट' काढलंय. साध्या पानांवर ते ठीक चालतं.

"गूगलचं म्हणणं, हे सुरक्षेसाठी. एक्स्टेंशनला सगळंच दिसत असेल तर एखादं चोरही निघू शकतं. खोटं नाही ते. पण ज्याच्या घरात मुख्य पगार जाहिरातीचा, त्यानंच जाहिरात अडवायचे नियम करायचे? मला तर बाप्पा पटत नाही."

मलाही पटत नाही. पण माझा प्रश्न अजून तिथंच होता. "म्हणजे ती ढाल असती तर काल मला पूर्ण डाव दिसला असता?"

"नसताही. लॅपटॉप आण."

भिंतीवर पंचा अंथरला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. काकूंनी एफ-बारा दाबलं. स्क्रीनच्या एका बाजूला कसलासा तक्ता उघडला. त्यांनी कुठलं तरी लाइव्ह चॅनेल लावलं आणि मला म्हणाल्या, चित्र पाहू नकोस, इकडं पाहा. तक्त्यात एकेक ओळ उगवत होती. दोन-दोन, तीन-तीन सेकंदांनी एक. थांबायचं नाव नाही.

"लाइव्ह म्हणजे एक सलग व्हिडिओ येतो असं तुला वाटतं. तसं नसतं. काही सेकंदांचे तुकडे येतात. तुझा प्लेयर दर थोड्या वेळानं सर्व्हरला विचारतो, पुढचे तुकडे कोणते? सर्व्हर यादी देतो. ही बघ यादी."

यादीवर त्यांनी क्लिक केलं. आगगाडीएवढ्या लांब पत्त्यांच्या ओळी, आणि मध्येच एका ओळीत इंग्रजीत 'डिसकंटिन्युइटी'. काकूंनी तिथं नख टेकवलं.

"हा जॉइंट. इथपर्यंत कार्यक्रम, इथून पुढं जाहिरातीचे तुकडे. संपले की पुन्हा एक जॉइंट, मग कार्यक्रम. आणि पत्ते बघ."

पत्ते एकाच घरचे होते. सुरुवातीचा भाग अगदी तोच.

"आता ढाल काय करेल? ती पत्त्यावरून ओळखते. जाहिरातीचा पत्ता वेगळा असला की अडवते. पेपरात घातलेलं पत्रक आपण उचलून रद्दीत टाकतो ना, तसं. पण इथं जाहिरात बातमीच्याच कॉलमात छापून आलीय. तो पत्ता अडवला तर कार्यक्रमही गेला."

"मग पुढं ढकलायचं. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत आपण पुढं सरकवतो तसं."

काकू हसल्या. "अगं, पुढं काय आहे? पुढची चाल दिव्यानं अजून केलीच नाही!"

या वाक्यावर मी खरंच गप्प झाले. सिनेमातली जाहिरात गाळली तर खालचा सिनेमा शाबूत असतो. लाइव्हमध्ये खाली काहीच नसतं. जाहिरात चालू असताना सर्व्हर तुमच्या यादीत कार्यक्रमाचे तुकडे घालतच नाही. तिकडं बाटुमीत, जिथं तो सामना होता, डाव सुरूच असतो. तुमच्या वाट्याचं तेवढं जगणं कापून त्या जागी गाडी चिकटवलेली असते. जाहिरात कितीही चांगली असो, मला राग त्या चिकटवण्याच्या वेळेचा येतो.

"ट्विचचं ऐकलंस का तू?" काकूंनी आवाज उगाचच खाली केला. "त्याचं मूळ मजेशीर आहे. २००७ मध्ये जस्टिन कान नावाच्या पोट्ट्यानं टोपीला कॅमेरा लावला आणि स्वतःचं आयुष्य चोवीस तास दाखवायला लागला. जस्टिन डॉट टीव्ही. खाणं, फिरणं, सगळं. त्यातून २०११ मध्ये खेळ दाखवणारं ट्विच निघालं, आणि २०१४ मध्ये ॲमेझॉननं ते ९७ कोटी डॉलर मोजून घेतलं. टोपीचे एवढे पैसे!"

"बाप रे."

"मग पैसे वसूल नको करायला? २०१६ मध्ये त्यांनी ही जाहिरात व्हिडिओत शिवायची पद्धत आणली. लोकांनी त्यातूनही वाटा काढल्या. तर २०२० मध्ये काय केलं माहीत आहे? ज्याच्याकडे ढाल आहे त्याला जाहिरात नाही, पण तेवढा वेळ जांभळा पडदा! आवाज नाही, चित्र नाही, नुसती सूचना. जाहिरात बरी म्हणायची वेळ आली."

वाटा कशा काढतात तेही काकूंनी सांगितलं, मात्र जरा नाक मुरडून. एक वाट अशी की जाहिरात सुरू झाली की तेच चॅनेल गुपचूप दुसऱ्या प्लेयरच्या नावानं मागायचं, हलक्या प्रतीचं. मग अर्धा मिनिट चित्र अंधूक दिसतं, पण दिसतं. दुसरी वाट म्हणजे तुकड्यांची यादी अशा देशातल्या सर्व्हरमार्फत मागवायची जिथं जाहिराती लागत नाहीत. साइटवाले एक वाट बुजवतात, चार दिवसांत कोणी तरी दुसरी उकरतं. आज चालतं म्हणून उद्या चालेल असं नाही.

"ती दुसऱ्या देशाची भानगड मी करत नाही," काकू म्हणाल्या. "तो सर्व्हर कोणाचा, तुला ठाऊक नाही. आपलं लॉगिन परक्याच्या हातून काहून न्यायचं?"

एवढ्यात कोपऱ्यावरचे पेन्शनर काका छत्री टेकवत आले. रोज फाटकाशी थांबतात, पण लॅपटॉप भिंतीवर दिसल्यावर सरळ आत.

"काय चालू आहे वहिनी? मॅच?"

"जाहिरात, भाऊजी. मॅच काल झाली."

काकांचं म्हणणं सरळ होतं. यूट्यूबला महिन्याचे १४९ रुपये भरा आणि विषय संपवा. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत १२९ होते, मग १४९ झाले. "एका माणसाचं एका पिझ्झ्याएवढंही नाही. कायले एवढा खटाटोप?"

"आणि तुमचे कोण भरतं?"

"पोरगा भरतो. पुण्यात आहे ना तो, त्याच्याच खात्यात मला घेतलंय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी गोडलिंबाकडे पाहिलं.

"बरं, भाऊजी, तुमच्या पैशातून यूट्यूबच्या जाहिराती गेल्या. क्रिकेटच्या गेल्या का? त्या ॲपला वेगळे. बुद्धिबळ तिसऱ्याच साइटवर, तिथं वेगळे. ट्विचवर सगळीकडून जाहिरात घालवायला टर्बो, एकाच चॅनेलवरून घालवायला त्या चॅनेलचं सभासदत्व. किती ठिकाणी भरणार?"

काका क्रिकेटवर आले की हलत नाहीत. त्यांचा मुद्दा मात्र बरा होता. क्रिकेटमध्ये जाहिरातीचा एवढा त्रास होत नाही, कारण सहा बॉल झाले की आपसूक थांबतं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोक पाहत होते, आणि जाहिरात घालायला ओव्हर संपल्यावरची जागा तिथं आयतीच तयार असते. बुद्धिबळाला ओव्हर नाही. घड्याळ पळत असतं, खेळाडू वीस मिनिटं हलत नाही आणि मग पंधरा सेकंदांत चार चाली. जाहिरात कधी घालावी हे मशीनला कुठून कळणार?

"मशीनला नाही, पण चॅनेलवाल्याला कळतं," काकू म्हणाल्या. "ट्विचवर चॅनेलवाला स्वतः ब्रेक घेऊ शकतो. तासाला तीन मिनिटं जाहिराती त्यानं स्वतःहून लावल्या तर चॅनेल उघडताच येणारी पहिली जाहिरात त्याच्याकडे बंद होते. म्हणजे दोन डावांच्या मध्ये, बोलणारे चहा पितात तेव्हा, लावून टाक ना! शहाणे आहेत ते तसं करतात. बाकीचे आपले मशीनवर सोडतात."

हे मला ब्राउझरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त पटलं. पण गल्लीत तेवढ्यावर थांबायची पद्धत नाही. घरोघरी कोण काय वापरतं याची काकूंकडे यादीच होती, आणि ती त्यांनी पूर्ण सांगितली.

त्या स्वतः फायरफॉक्सवर. तिथं लाल ढाल जशीच्या तशी चालते. फायरफॉक्सनं नवा नियमही घेतला आणि जुनी सवलतही ठेवली, शिवाय येणारा मजकूर वाटेतच बदलायची सोय एक्स्टेंशनला दिलीय, जी क्रोमकडे कधीच नव्हती. त्यामुळे शिवलेल्या जाहिरातीविरुद्ध कोणी काही केलंच तर ते आधी तिथं होतं. समोरचे डॉक्टर एजवर आहेत, म्हणजे २०२० पासून आतून क्रोमियमच. पाटी तेवढी वेगळी. मागच्या गल्लीतले सीए ब्रेव्ह वापरतात. ते ब्रेंडन आइकचं, म्हणजे ज्यानं १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट लिहिली त्याचं. त्यात जाहिरात अडवणं एक्स्टेंशन नसून ब्राउझरच्या पोटातच आहे, त्यामुळे क्रोमच्या नियमाचा त्याला फटका बसत नाही. शिवलेल्या जाहिरातीपुढं मात्र तेही कधी चालतं, कधी नाही.

वर भाड्यानं राहणारी इंजिनिअरिंगची पोरगी आयपॅडवर सफारी वापरते. ॲपलनं २०१५ पासून अडवणाऱ्या ॲपना परवानगी दिली, पण तिथंही आधी यादी द्यायची आणि बाजूला व्हायचं. क्रोमनं आता जे केलं ते सफारीत कधीचंच आहे. फोनवर तर अँड्रॉइडचा क्रोम एक्स्टेंशन घेतच नाही, फायरफॉक्स घेतो. पण लोक फोनवर ब्राउझर उघडतात कुठं? ॲप उघडतात, आणि ॲपमध्ये तुमचं काही चालत नाही.

"आणि टीव्हीवर?" काकांनी विचारलं. त्यांचा पंचावन्न इंची आहे, दसऱ्याला घेतलेला.

"तुमच्या पोरानं राउटरशेजारी ती डबी लावून दिलीय ना?"

डबी म्हणजे पाय-होल. घरातल्या कुठल्याही यंत्रानं जाहिरातीच्या पत्त्याचं नाव विचारलं की ती म्हणते, असं कोणी इथं राहत नाही. साध्या पानांवरच्या जाहिरातींना ती उत्तम. पण लाइव्हमध्ये जाहिरातीचं आणि कार्यक्रमाचं घर एकच, हे मघाशी आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. काकांना पुन्हा दाखवावं लागलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती 'डिसकंटिन्युइटी'ची ओळ वाचली आणि म्हणाले, "म्हणजे डबी वाया?"

"वाया नाही. या कामाची नाही."

सगळ्यात चटकदार बातमी काकूंनी शेवटी ठेवली होती. डॉक्टरांच्या घरच्या वहिनींनी म्हणे गेल्या महिन्यात एकदम तीन ॲडब्लॉकर टाकले. जो दिसला तो. एकानं ब्राउझरचं पहिलं पानच बदललं, दुसरा खरेदीच्या साइटवर कूपनं दाखवायला लागला. तिसरा काय करतो ते कोणालाच कळलं नाही.

"हसू नकोस. २०१८ मध्ये ॲडगार्ड कंपनीनं क्रोमच्या दुकानातले पाच खोटे अडवणारे शोधून काढले होते. दोन कोटींहून जास्त लोकांनी ते बसवलेले! नावं अशी की खऱ्यासारखी वाटावीत. आणि लाइव्हच्या जाहिरातीसाठी लोक अधिकच घायकुतीला येतात. मॅच सुरू असते ना. समोर येईल ते बटन दाबतात."

"म्हणजे अडवूच नये?"

"तसं कुठं म्हणते? अमेरिकेची एफबीआय २०२२ मध्ये स्वतः म्हणाली की शोध घेताना ॲडब्लॉकर वापरा, कारण खोट्या जाहिराती खऱ्या कंपन्यांची सोंगं घेतात. अडव ना. पण एकच ठेव, नीट पाहून ठेव. आणि जे चॅनेल रोज पाहतेस, त्याला थोडे पैसे दे. ती बुद्धिबळ समजावून सांगणारी पोरं काही हवा खाऊन जगत नाहीत."

काकांना हे लागलं असावं. ते म्हणाले, पोराला फोन करून विचारतो, त्यानं कोणाकोणाचे पैसे भरलेत ते. मग छत्री उघडून पुन्हा मिटली, कारण पाऊस नव्हता.

मी फायरफॉक्स उतरवायला लावलं. भिंतीवरच. काकूंनी ओरिजिन शब्द पाहिला, हिलचं नाव पाहिलं, मगच बटन दाबू दिलं. जुने बुकमार्क आणि पासवर्ड आले का तेही तपासलं.

"आता लाइव्हवर एकही जाहिरात येणार नाही?" मी विचारलं.

"येईल की. कमी येतील. आणि आलीच तर दुसऱ्या खिडकीत नुसता पट दाखवणारी साइट उघडून ठेव. तिथं व्हिडिओ नाही, त्यामुळे मध्ये काही शिवायला जागा नाही. चाली येत राहतात."

"हे आधी काहून नाही सांगितलं काकू?"

"तू विचारलं कुठं? तू तर जाहिरात कशी अडवायची ते विचारत होतीस," असं म्हणून काकूंनी डहाळ्या उचलल्या, निम्म्या माझ्या हातात दिल्या आणि काकांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या टीव्हीच्या रिमोटवर आवाज बंद करायचं बटन आहे ना? तूर्तास तेच दाबा."